थंडीत कुठंच न जाणारी पाखरं : आपल्या अंगणातली, आपल्या बांधावरची

जालना : नोव्हेंबर लागला की एक बातमी दरवर्षी ठरलेली असते. जायकवाडीच्या नाथसागरावर पाहुणे पक्षी दाखल झाले. रोहित आले, पट्टकदंब आले, बदकांचे थवे उतरले. मोबाईलवर फोटो फिरतात, लोक गाड्या करून बघायला जातात. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि अंबड-घनसावंगीच्या काठानं वाहणारी गोदावरी तिथूनच खाली येते. त्यामुळं ही बातमी आपलीच आहे, ती व्हायलाच पाहिजे.

पण जे पाखरू बारा महिने आपल्या दारातल्या कडुलिंबावर राहतं, थंडीत गोठ्याच्या आढ्याला झोपतं आणि सकाळी हरभऱ्यातल्या अळ्या टिपतं, त्याची बातमी कोणी करत नाही. ते घरचंच म्हणून त्याच्याकडं लक्ष जात नाही. खरं तर शेतकऱ्याचा रोजचा संबंध पाहुण्यांपेक्षा या घरच्या पाखरांशीच जास्त. ही पाखरं थंडीत का जात नाहीत, गेली असं आपल्याला का वाटतं, आणि ती आपल्या किती कामाची आहेत, हे या लेखात समजून घेऊ.

जाणारी कोण, राहणारी कोण?

आपल्या जिल्ह्यात पाखरांचे ढोबळमानानं तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार हिवाळी पाहुण्यांचा. ज्वारीवर ढगासारखी उतरणारी भोरडी ही त्यातली सगळ्यांच्या ओळखीची. ती मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडच्या गवताळ माळांवर मे-जूनमध्ये पिल्लं काढते, पावसाळ्यातच इकडं यायला लागते आणि उन्हाळा तापायच्या सुमाराला परत जाते. पाणवठ्यावर शेपटी वरखाली हलवत पळणारा पांढरा धोबी, विजेच्या तारेवर रांगेनं बसणाऱ्या माळभिंगऱ्या आणि पडक्या भिंतीवर बसून शेपटी थरथरवणारा थिरथिरा हे सगळे पाहुणेच. पट्टकदंब तर हिमालय ओलांडून येतो.

दुसरा प्रकार पावसाळी पाहुण्यांचा. चातक त्यातला. तो मृगाच्या तोंडावर येतो आणि त्याची वाट बघणारा शेतकरी आजही आहे.

तिसरा प्रकार कायम राहणाऱ्यांचा. चिमणी, साळुंकी, बुलबुल, दयाळ, चिरक, शिंपी, वटवट्या, सूर्यपक्षी, सातभाई, कोतवाल, खाटीक, सुगरण, मुनिया. यांतल्या बहुतेकांना पक्षीशास्त्रात गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात धरतात. कावळासुद्धा त्याच गटातला आहे हे ऐकून हसू येईल, पण गळ्याच्या रचनेवरून ही गटवारी केली जाते, आवाज गोड आहे की नाही यावरून नाही. या यादीत होला, वेडा राघू, भारद्वाज आणि टिटवी हे गाणाऱ्या गटाबाहेरचे शेजारीही घाला, म्हणजे आपल्या शिवारातली बारमाही वस्ती जवळपास पुरी होते.

दोन पाखरांत घोटाळा होतो, तो आधी मिटवू. थिरथिरा आणि चिरक दोन्ही काळपट, दोन्ही अंगणात उतरणारे, दोघांच्याही बुडाशी तांबडा रंग. पण चिरकाची शेपटी कायम उभी असते आणि नराच्या खांद्यावर पांढरा ठिपका असतो. तो इथलाच. थिरथिऱ्याचं पोट तांबूस असतं आणि शेपटी सारखी थरथरते. तो थंडीपुरता आलेला. एकाच भिंतीवर एक घरधनी आणि एक पाहुणा असे दोघं बसलेले दिसू शकतात.

थंडी हे कारण नाही, पोट हे कारण आहे

थंडी सोसवत नाही म्हणून पक्षी दूरदेशी जातात, असं आपण शाळेत शिकलो. ते पूर्ण खरं नाही. पक्ष्याच्या अंगावर पिसांचं पांघरूण असतं आणि थंडी तो बऱ्यापैकी सोसू शकतो. त्याला सोसवत नाही ती उपासमार.

युरोप आणि मध्य आशियात हिवाळ्यात जमीन गोठते. किडे दिसेनासे होतात, बी बर्फाखाली जातं, पाण्याचा दगड होतो. दिवसही लहान. डिसेंबरात लंडनला सूर्य आठ तासही दिसत नाही. म्हणजे खायला कमी आणि शोधायलाही वेळ कमी. अशा वेळी ज्याचं पोट किड्यांवर चालतं त्याला निघावंच लागतं. तरी तिथंही सगळे जात नाहीत. ज्यांना बी, फळं किंवा झाडाच्या सालीतले किडे मिळतात ते तिथंच थंडी काढतात.

आता आपल्याकडं बघा. डिसेंबर-जानेवारीत जालन्यात पारा कधीमधी १० अंशांच्या खाली जातो, सकाळी शेकोट्या पेटतात. पण दुपारी अंगात स्वेटर ठेवू वाटत नाही. वर्षातला सगळ्यात लहान दिवसही आपल्याकडं जवळपास ११ तासांचा. आणि शिवारात काय असतं? हरभरा, गहू, ज्वारी, फुलोऱ्यातली आणि शेंगांतली तूर, पाणी दिलेल्या वाफ्यांत वर येणारे किडे, पिकायला लागलेली बोरं, घाणेरीची काळी फळं, शेवग्याची फुलं. थंडी सरता सरता पळस आणि पांगारा फुलतो. पाखराच्या हिशोबानं हिवाळा म्हणजे आपल्याकडचा सुगीचा काळ. म्हणूनच तर दूरदेशीचे पाहुणे इथं येतात. मग घरच्यांनी जायचं कशाला?

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे लवकर समजेल. दसरा झाला की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. कोणी हौसेनं जात नाही. गावात काम असतं, विहिरीला पाणी असतं, तर बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जुंपायची वेळ आली नसती. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो रब्बी पेरतो आणि गावातच राहतो. पाखरांचंही असंच आहे. जाणं महागात पडतं. हजारो किलोमीटरच्या वाटेत वादळ, शिकारी, थकवा, उपास, आणि पोचल्यावर जागा मिळेलच याची खात्री नाही. गावातच भागत असेल तर थांबणं शहाणपणाचं. थांबणाऱ्याला आणखी एक फायदा होतो. विणीचा हंगाम आला की चांगली जागा आधीच त्याच्या ताब्यात असते.

मग 'गेली' असं का वाटतं?

गावात बरेच जण म्हणतात, "पावसाळ्यात एवढी पिवळी सुगरण होती, आता एकही नाही. गेली वाटतं." प्रत्यक्षात ती गेलेली नसते. आपल्याला ओळखू येत नाही एवढंच. त्याची कारणं दोन, रंग आणि आवाज.

सुगरणीचं घ्या. विहिरीवरच्या बाभळीला किंवा शिंदीला लटकणारा खोपा विणतो तो नर. पावसाळ्यात त्याचं डोकं आणि छाती पिवळीधमक असते, कारण मादीला खोपा दाखवून पटवायचं असतं. हंगाम सरला की तो पिवळा रंग उतरतो. मग नर-मादी दोन्ही चिमणीच्या मादीसारखे मातकट दिसतात आणि थव्यानं रानात फिरतात. चिमण्यांचा थवा म्हणून आपण ज्याच्याकडं बघतो, त्यात कितीतरी वेळा सुगरणी असतात.

जांभळा सूर्यपक्षी, ज्याला शिंजीर पण म्हणतात, तो तर अंगठ्याएवढा. जास्वंदीवर, शेवग्यावर लोंबकळून मध पितो. विणीच्या दिवसांत नर उन्हात निळा-जांभळा चमकतो. पावसाळ्यानंतर तो रंग जातो आणि मादीसारखा वरून मळकट, खालून पिवळसर होतो. नराच्या गळ्यापासून पोटावर एक काळी पट्टी तेवढी उरते. ती पट्टी दिसली की समजा, हा तोच. थंडी संपता संपता तो पुन्हा चमकायला लागतो. मधल्या काळात तो ठिपक्या-ठिपक्यांचा, अर्धवट रंगवलेल्या भिंतीसारखा दिसतो.

गाय बगळ्याचंही तसंच. तो गाणारा पक्षी नाही, पण उदाहरण रोजच्या बघण्यातलं आहे. पावसाळ्यात डोक्या-मानेवर केशरी झाक असते, हिवाळ्यात तो पांढराशुभ्र.

आता आवाज. पाखराचं गाणं आणि पाखराची हाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाक म्हणजे रोजचं बोलणं. मांजर आलं, इकडं या, मी इथं आहे. गाणं मात्र बहुतेक जातींत नर गातो, आणि ते दोन कारणांसाठी. ही जागा माझी आहे हे दुसऱ्या नराला सांगायला आणि मादीला बोलवायला. दिवस मोठा व्हायला लागला की त्याच्या अंगात तसे बदल होतात आणि गाणं सुरू होतं. वीण संपली की गाण्याचं काम संपतं. गाण्यात ताकद जाते आणि शिकाऱ्याला ठिकाणही कळतं, म्हणून कारण नसताना तो गात बसत नाही.

दयाळ हा आपल्याकडचा पट्टीचा गवई. काळा-पांढरा, शेपटी वर करणारा. उन्हाळ्यात पहाटे तारेवर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून तो असा गातो की अंगणात झोपलेल्याला जाग येते. तोच दयाळ डिसेंबरात झुडपाखाली गुपचूप किडे शोधत असतो. फार तर एखादी खरखरीत हाक देतो. कोकिळेचंही हेच. कोकीळ थंडीत कुठं जात नाही, वड-पिंपळाच्या दाट पानांत फळं खात बसलेला असतो. कुहू बंद, म्हणून आपल्या लेखी तो गायब. पावशाही तसाच. पेरते व्हा म्हणणारा आवाज ऐन पेरणीच्या आधी येतो, पण पाखरू त्याआधीही रानातच असतं.

सगळीच गप्प होतात असंही नाही. शिंपी हा दहा ग्रॅमच्या आसपासचा जीव, पण त्याचं टुविट-टुविट बाराही महिने चालू. वटवट्या नावाप्रमाणं वटवट करतो. सातभाईंचा कलकलाट तर थंडी, ऊन, पाऊस काही बघत नाही.

थंडीची रात्र कशी काढतात?

लहान जीवाला थंडी लवकर बाधते. कपातला चहा लवकर निवतो, पातेल्यातला उशिरा निवतो, तोच हा हिशोब. पक्ष्याचं अंग आपल्यापेक्षा गरम, साधारण ४० अंशांच्या वर. ती ऊब रात्रभर टिकवायची तर पोटात इंधन लागतं आणि वर पांघरूण लागतं.

पांघरूण म्हणजे पिसं. थंडीत सकाळी तारेवर बसलेला होला किंवा बुलबुल बघा, फुगून चेंडू झालेला असतो. तो जाड झालेला नसतो. पिसं उभी केली की मधे हवा अडकते आणि ती हवा ऊब धरून ठेवते. आपली गोधडी याच नियमानं चालते. चोच पाठीवरच्या पिसांत खुपसली आणि एक पाय पोटाशी ओढून घेतला की उघडं अंग आणखी कमी होतं.

दुसरा उपाय म्हणजे एकमेकांना चिकटून झोपणं. सातभाई रात्री एका फांदीवर अंगाला अंग लावून रांगेत बसतात. वेडे राघू तर इतके दाटीनं बसतात की लांबून हिरवी दोरी ताणल्यासारखी दिसते. मुनियांची एक जात सुगरणीच्या सोडून दिलेल्या खोप्यात झोपते. म्हणून पावसाळ्यानंतर रिकामे खोपे शोभेसाठी काढून घरात लावू नयेत. आपल्याला ते रिकामे दिसतात, कोणाचं तरी ते थंडीतलं घर असतं. साळुंक्या संध्याकाळी बस स्टँडजवळच्या किंवा चौकातल्या मोठ्या झाडावर शेकड्यानं जमतात आणि अंधार पडेपर्यंत भांडतात. चिमण्या गोठ्याच्या आढ्यात, पत्र्याखाली, कडब्याच्या गंजीत शिरतात.

तिसरा उपाय, सूर्य. सकाळी उन्हाकडं पाठ करून, पंख सैल सोडून बसलेली पाखरं दिसतात. पारावर ऊन खात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांसारखीच.

हरभऱ्यातले बिनपगारी गडी

आता शेतकऱ्याच्या कामाचं. घाटे अळी हरभऱ्यात डिसेंबर-जानेवारीत जोर करते. आधी कोवळी पानं कुरतडते, मग घाट्याला भोक पाडून अर्धं अंग आत, अर्धं बाहेर अशी दाणे खाते. तुरीतही हीच अळी. याच दिवसांत आपली बारमाही पाखरं शिवारात असतात. साळुंकी वाफ्यांतून चालत अळ्या टिपते. कोतवाल उंच काडीवर बसून उडता किडा हवेत धरतो. चिरक, दयाळ आणि सातभाई खालचं बघतात. शिंपी आणि वटवट्या पानाच्या मागच्या बाजूच्या बारीक किड्यांवर असतात. गाय बगळे बैलांच्या आणि ट्रॅक्टरच्या मागं असतातच.

म्हणूनच कृषी विद्यापीठ आणि कृषी विभागाच्या हरभऱ्याच्या सल्ल्यात पक्षी थांबे हा शब्द दरवर्षी असतो. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे, एकरी साधारण २०. खर्च काहीच नाही. एक उभी काठी आणि वर आडवी काडी, पिकाच्या वर हात-दीड हात राहील अशी. पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली तर विरळ उगवलेली ताटं हेच जिवंत थांबे होतात. कोतवालासारख्या पाखराला बसायला उंच जागा मिळाली नाही तर तो तुमच्या शेतात येऊन करणार काय? कणसाच्या पिकात मात्र थांबे लावू नयेत, तिथं ते दाणे खाणाऱ्यांच्या सोयीचे होतात.

थांबे लावले म्हणजे फवारणी लागणारच नाही, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अळी हाताबाहेर गेली की पाखरं पुरी पडत नाहीत. कामगंध सापळे, निंबोळी अर्क, थांबे आणि गरज पडली तरच औषध, असं सगळं मिळून जमतं. आणि सगळी पाखरं सगळ्या वेळी मित्र असतात असंही नाही. ज्वारी हुरड्यात आली की चिमणी, सुगरण, पोपट, भोरडी सगळेच ताटावर येतात. गोफण आणि माचा उगीच नव्हता. पण वर्षाचा हिशोब मांडला तर बाजू वेगळी दिसते. दाणे खाणारी चिमणी सुद्धा पिल्लांना दाणे भरवत नाही, मऊ किडे आणि अळ्या भरवते.

हा हिशोब चुकला तर काय होतं, ते चीननं १९५८ मध्ये बघितलं. चिमण्या धान्य खातात म्हणून त्या मारण्याची देशभर मोहीम काढली. लोकांनी थाळ्या वाजवून चिमण्यांना बसू दिलं नाही, दमून पडेपर्यंत उडवलं. पुढं पिकांवर किडी वाढल्या आणि १९६० मध्ये सरकारनं मारायच्या यादीतून चिमणीचं नाव काढून तिथं ढेकूण घातला. त्या काळातल्या मोठ्या दुष्काळाची कारणं अनेक होती, पण चिमण्यांचा नाश हे त्यातलं एक धरलं जातं.

पाहुण्याला दुसरं गाव आहे, घरच्याला नाही

इथं मुद्द्याची गोष्ट येते. पट्टकदंबाला नाथसागरावर जमलं नाही तर तो दुसऱ्या तलावावर उतरेल. भोरडीला जालन्यात ज्वारी मिळाली नाही तर ती पुढच्या जिल्ह्यात जाईल. त्यांचे पंख आणि त्यांची सवय लांब जायची. घरचं पाखरू असं करत नाही. शिंपी, चिरक, दयाळ, सातभाई यांचं जग चार बांध आणि दोन वस्त्यांचं. ते जग संपलं की ती दुसरीकडं राहायला जात नाहीत. पिल्लं कमी होतात, मग जोड्या कमी होतात, आणि एक दिवस आपल्या लक्षात येतं की बरेच दिवसांत आवाज आला नाही. मोर्चा नाही, बोंब नाही. त्यामुळं बातमीही होत नाही.

आपल्याकडं काय काय बदललं ते आपल्याच डोळ्यांसमोर आहे.

माळवदाची घरं गेली, स्लॅबची आली. माळवदाच्या लाकडांत, भिंतीच्या कोनाड्यात, सपराच्या कुडात चिमणीला घर करायला जागा होती. सिमेंटच्या भिंतीत बोट घालायला फट नाही. घर पक्कं झालं हे चांगलंच झालं, पण चिमणीचं घर मोडलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

ज्वारी, बाजरी, करडई कमी झाली. कपाशी आणि सोयाबीन वाढलं. पूर्वी खळ्यावर दाणे सांडायचे, कडब्याची गंजी वर्षभर उभी असायची. सोयाबीन ऑक्टोबरात निघालं आणि मागं पाणी नसलं की रान उघडं पडतं. पाखराला तिथं ना दाणा, ना आडोसा.

बांध बारीक झाले. बोरी, बाभळी, हिवर, करवंदाच्या जाळ्या जेसीबीनं एका दिवसात निघतात. दोन तास जास्त पिकले याचा आनंद होतो. पण शिंपी, वटवट्या, बुलबुल आणि खाटीक यांची घरं त्या काटेरी झुडपातच असतात. काटे हेच त्यांचं दार आणि कुलूप.

आणि फवारणी. किडे मारताना किड्यांवर जगणाराही उपाशी मरतो किंवा विष खाऊन मरतो.

देशाचा हिशोबही काळजी करायला लावणारा आहे. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला आणि १७८ जातींकडं तातडीनं लक्ष द्यावं असं सांगितलं. मोकळ्या माळरानावर राहणाऱ्या पाखरांची परिस्थिती जास्त वाईट आहे. आपण दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतो तो नीलकंठ, म्हणजे चास, गेल्या बारा वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात म्हटलं आहे. सगळंच वाईट आहे असं नाही. मोर आणि कोकीळ वाढलेत. चिमणीबद्दल २०२० च्या अहवालात असं आढळलं की मोठ्या शहरांत ती घटली, पण देशभराचा विचार केला तर टिकून आहे. म्हणजे चिमणी वाचली असेल तर ती खेड्यांनी वाचवली. २० मार्चला जगभर चिमणी दिन पाळतात. २०१० पासून सुरू झालेल्या या दिवसामागं नाशिकचे मोहम्मद दिलावर आहेत, हेही आपल्या माणसाचंच काम.

काय करता येईल?

यातलं काहीही खर्चाचं नाही.

१. बांधावरची एक तरी बोर, एक बाभूळ आणि एक झुडपाची जाळी ठेवा. सगळा बांध साफ करायची गरज नसते. गोठ्यामागं किंवा उकिरड्याजवळ शेवगा लावा, आपल्याला शेंगा आणि सूर्यपक्ष्याला फुलं.

२. गोठ्यात किंवा पडवीत, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर, लाकडी खोकं किंवा मडकं बांधा. चिमणीला आत जाण्यापुरतं, साधारण सव्वा इंच रुंद भोक पुरतं. हे काम थंडीतच करा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला जागा तयार असते.

३. पाणी ठेवायचं ते उथळ भांड्यात. खोल बादलीत पाखरं बुडतात. मातीचं परळ सगळ्यात चांगलं. रोज पाणी बदला. थंडीत पाण्याची आठवण होत नाही, पण फेब्रुवारीपासून नाले आटायला लागले की गरज वाढते. आपल्याकडच्या पाखरांची खरी परीक्षा थंडी नसून एप्रिल-मे आहे.

४. औषध लावलेलं बी बांधावर सांडू देऊ नका. उरलेलं बी उघड्यावर न टाकता मातीत पुरा. ते दोन-चार दाणे चिमणी-होल्याला पुरेसे असतात.

५. संक्रांतीला नायलॉन मांजा नको. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली आहे. झाडात अडकलेला मांजा पतंगाचा दिवस सरल्यावरही महिनोन्‌महिने गळे कापतो. गावातल्या पोरांनी संक्रांतीनंतर एक दिवस झाडांवरचा मांजा काढला तर मोठं काम होईल.

६. मुनिया, पोपट, साळुंकी पकडून पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. आठवडी बाजारात कोणी विकत असेल किंवा जखमी पाखरू सापडलं, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

मोबाईलचा असाही उपयोग

आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालीम अलींचा. चितमपल्लींनी वन खात्यात नोकरी करता करता पाखरांची लोकांच्या तोंडची नावं गोळा केली आणि मराठीत पक्षीकोश दिला. ती नावं त्यांना रानातल्या माणसांनीच सांगितली. म्हणजे हे ज्ञान आपल्याकडं होतंच. आता ते नोंदवायचं साधनही खिशात आहे.

मर्लिन नावाचं मोफत ॲप पाखराचा आवाज ऐकून नाव सुचवतं. ते चुकतंही, म्हणून डोळ्यानं खात्री करायची. ई-बर्डवर आपल्या शिवारातल्या पाखरांची यादी टाकता येते. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते. २०१३ पासून भारतातही ती चालते. फी नाही, परीक्षा नाही. एका जागी किमान १५ मिनिटं बसायचं, कोणती पाखरं किती दिसली ते लिहायचं. शाळेतल्या पोरांना हे फार आवडतं, आणि आजी-आजोबांना निम्मी नावं आधीच माहीत असतात.

याचा फायदा काय? जायकवाडीवर किती पाहुणे आले हे मोजलं जातं. मंठ्याच्या एखाद्या वाडीत किंवा जाफराबादच्या शिवारात किती सातभाई, किती चिरक, किती सुगरणी उरल्या, हे मात्र तिथल्या माणसानं लिहिलं तरच कळेल. खेड्यातली नोंद नसेल तर उद्या कमी झाल्या असं म्हणायलाही पुरावा राहणार नाही.

यंदा हरभऱ्याला थांबे लावताना पंधरा मिनिटं बांधावर बसा. काडीवर पहिलं कोण येऊन बसतं ते बघा. बहुतेक तो कोतवालच असेल, आणि बसल्या बसल्या त्याचं काम सुरू झालेलं असेल.